सरफोजी महाराज आणि श्वार्ट्झ पाद्री

धर्म पालटला की माणसाची राजनिष्ठाही पालटते, हा समज आपल्या देशात फार जुना आहे. तो सर्वस्वी निराधारही म्हणता येणार नाही. गोव्यात क्रूस आणि तलवार एकाच गलबतातून उतरली, हे मराठी माणूस विसरलेला नाही. परंतु महाराष्ट्रापासून दूर, कावेरीच्या खोऱ्यात नांदलेल्या एका मराठी राज्याचा इतिहास या समजास छेद देतो. तो आपणा परप्रांतस्थ मराठी कुटुंबांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे.

शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरचे राज्य स्थापिले. पुढे शंभर वर्षांनी, तुळजाजी राजांच्या कारकिर्दीत, ते मोठ्या संकटात सापडले. १७७३ मध्ये अर्काटचा नबाब महंमद अली याने इंग्रज कंपनीच्या फौजेचे साहाय्य घेऊन तंजावर जिंकले. १७७६ मध्ये लंडनहून हुकूम आला आणि राजांना गादी परत मिळाली, परंतु किल्ल्यात इंग्रजांची फौज येऊन बसली ती बसलीच. हिंदू राजाविरुद्ध मुसलमान नबाब व ख्रिस्ती कंपनी एकत्र आली होती. ही युती महसूल व येणे यांच्या हिशेबाने जुळली होती. धर्माचा तीत काडीचाही संबंध नव्हता.

अशा काळात ख्रिस्तियान फ्रीडरिक श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री १७७८ पासून तंजावरास येऊन राहिला. १७२६ साली प्रशियात जन्मलेला हा गृहस्थ १७५० मध्ये तरंगमबाडी येथे उतरला होता. त्याला तमिळ उत्तम येत असे. राजाशी बोलता यावे म्हणून तो मराठीही शिकला. १७७९ मध्ये मद्रास सरकारने त्याला श्रीरंगपट्टणास हैदर अलीकडे वकिलीवर पाठविले. पुढच्याच वर्षी हैदराने कर्नाटकावर स्वारी केली, तरीही या पाद्र्याला कोणी अडवू नये अशी आज्ञा त्याने आपल्या सरदारांना दिली होती. त्याच युद्धात तंजावरच्या किल्ल्यात धान्याची टंचाई पडली. पूर्वी मोबदला बुडालेला असल्याने रयत बैल देईना. शेवटी पाद्र्याने पैशाची स्वतः हमी घेतली, तेव्हा धान्य आत आले. सरकारच्या शब्दाला नसलेली पत एका संन्यस्त माणसाच्या शब्दाला होती.

१७८७ मध्ये तुळजाजी राजांनी मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतले आणि त्याचा सांभाळ करण्याची विनंती श्वार्ट्झ यास केली. परंतु दत्तविधान अशास्त्रीय ठरवून कंपनीने तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांस गादीवर बसविले. बालराजपुत्राची आबाळ होऊ लागली तेव्हा श्वार्ट्झने मद्रासला त्याची बाजू मांडली. १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलविण्यात आले व तेथे त्याचे शिक्षण झाले. कंपनीने आपला निर्णय फिरविला आणि जून १७९८ मध्ये सरफोजी सिंहासनावर आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला होता.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. हा पाद्री कंपनीच्या पलटणीचा धर्मोपदेशक म्हणून वेतन घेत होता. पुढे ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्यकारभार कंपनीच्या हाती दिला व त्यांच्याकडे किल्ला, एक लक्ष होनांचा तनखा आणि महसुलाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. तर मग ही माया म्हणजे राज्य गिळण्याची पूर्वतयारी होती काय? तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. राज्याची नाडी १७७६ पासूनच कंपनीच्या हाती होती. मात्र पाद्र्याचा उपकार खरा होता आणि त्याचा लाभ कंपनीने उचलला, ही दोन्ही विधाने सत्य आहेत. एकाने दुसरे खोटे ठरत नाही.

सरफोजींनी मात्र उपकार आणि उपासना यांची गल्लत कधीही केली नाही. गुरूची इच्छा ठाऊक असूनही ते ख्रिस्ती झाले नाहीत. ते काशीयात्रेस गेले. बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. त्याच वेळी विलायतेतील विख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याजकडून श्वार्ट्झचे संगमरवरी स्मारक करवून ते तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. मरणशय्येवरील पाद्र्याचा हात राजाने हाती घेतला आहे, असे ते शिल्प आहे. समाधीच्या शिळेवरील इंग्रजी कविताही महाराजांचीच.

याच कथेची दुसरी बाजू म्हणजे श्वार्ट्झचा तमिळ शिष्य, ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्रियार. जातिभेदाच्या वादातून १८२९ च्या सुमारास नव्या मिशनऱ्यांनी त्यास कामावरून दूर केले, तेव्हा त्याला आश्रय दिला तो शिवभक्त सरफोजींनी. महाराजांनी हिंदू देवतेची स्तुती रचण्यास सांगितले असता त्याने नम्रपणे नकार दिला, आणि तरीही राजाची मर्जी ढळली नाही, असे सांगतात. राजाचे अन्न खाऊन त्याने आपला देव सोडला नाही, आणि राजानेही अन्नाच्या बदल्यात देव मागितला नाही.

आपण परप्रांती राहतो, तेथील मीठ खातो आणि घरी आपले कुलाचार पाळतो. निष्ठेची परीक्षा देव्हाऱ्यावरून करू नये, ही शिकवण तंजावरकर भोसल्यांनी आपल्यासाठी ठेविली आहे. तंजावरास जाणाऱ्या वाचकांनी मोठ्या देवळातील मराठी शिलालेख तर पाहावाच. परंतु शिवगंगा तलावाकाठच्या त्या लहानशा चर्चमध्येही आवर्जून जाऊन यावे. तेथेही एका मराठी राजाचे अंतःकरण दगडात कोरलेले आहे.