खिशातला बुलडॉग

दंगलीच्या बातम्या आल्या की मोहल्ल्यात कुणीतरी हळू आवाजात म्हणतंच, "घरात काहीतरी पाहिजे, भाईजान." हे 'काहीतरी' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून माझं लक्ष आधी शब्दांकडे जातं. 'तमंचा' मूळचा तुर्की, फारसीतून आपल्याकडे आला. 'बंदूक' अरबी. 'पिस्तूल' आणि 'काडतूस' मराठीला पोर्तुगिजांनी दिले. हत्यार बाहेरून आलं, नावही सोबत घेऊन आलं. मुंबईच्या बोलीतला 'घोडा' तेवढा आपला.

पण शब्दांपेक्षा मला एका विशिष्ट वस्तूबद्दल लिहायचं आहे. छोटं, कोटाच्या खिशात मावणारं आणि तरीही मोठ्या गोळीचं हत्यार. लांबून नेम धरण्यासाठी नव्हे, समोर उभ्या असलेल्या माणसासाठी बनवलेलं.

अशा हत्याराला पहिली मोठी प्रसिद्धी मिळवून दिली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिराने. त्याच्या पिस्तुलात गोळी एकच, पण जाड. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा तिकडे धावलेल्या लोकांनी ही पिस्तुलं जोडीजोडीने घेतली. इतक्या नकला निघाल्या की डेरिंजरच्या नावात एक जादा 'र' घुसला आणि कोणत्याही चिमुकल्या पिस्तुलाचं ते नाव होऊन बसलं. 14 एप्रिल 1865 ला जॉन विल्क्स बूथने अब्राहम लिंकनवर गोळी झाडली ती याच जातीच्या, .44 बोअरच्या, जेमतेम सहा इंचांच्या पिस्तुलातून. गोळी एकच असल्याने त्याने ते नाट्यगृहातच टाकलं आणि पुढे सुरा चालवला.

बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने 1872 मध्ये 'ब्रिटिश बुलडॉग' आणला आणि ही एका गोळीची अडचण संपली. हे रिव्हॉल्व्हर, म्हणजे फिरत्या चक्रीचं. नळी अडीच इंच, चक्रीत पाच काडतुसं, बोअर .44 च्या आसपास म्हणजे सुमारे 11 मिलिमीटर. गोळी जड आणि संथ. आखूड नळीमुळे नेम दूरवर टिकत नसे, हाताला झटका मात्र चांगलाच बसे. पण खिशातून झटकन निघायचं आणि चाप ओढला की घोडा आपोआप उठून पडायचा, वेगळा चढवावा लागत नसे. बेल्जियममधल्या लीएजच्या कारखान्यांनी त्याच्या ढिगाने नकला केल्या, अमेरिकेतही झाल्या. महाग मालाची स्वस्त नक्कल बाजारात आली की तो माल श्रीमंतांपुरता राहत नाही. बुलडॉगचंही तसंच झालं.

1881 च्या जूनमध्ये चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने वॉशिंग्टनच्या एका दुकानातून असाच बुलडॉग विकत घेतला. पैसे उसने घेतलेले. परवाना नाही, चौकशी नाही. हस्तिदंती मुठीचा नग पुढे संग्रहालयात शोभेल, असाही विचार त्याने केला होता. त्याची तक्रार अशी की राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांनी त्याला सरकारी पद दिलं नाही. 2 जुलैला रेल्वे स्टेशनवर त्याने मागून दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत घुसली.

गारफिल्ड त्या दिवशी मेले नाहीत. ते 79 दिवस तळमळत राहिले. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं आणि हत्यारं जखमेत घालून गोळी शोधली. जंतुनाशकाचं लिस्टरचं काम तेव्हा छापून चौदा वर्षं झाली होती! टेलिफोनवाले ग्रॅहम बेल धातू शोधण्याचं यंत्र घेऊन आले, पण गादीतल्या स्प्रिंगांनी घोटाळा केला आणि डॉक्टरांनी एकाच बाजूला शोधू दिलं. गोळी दुसऱ्या बाजूला होती. गिटोला 1882 मध्ये फाशी झाली. त्याचं हत्यार खरोखरच सरकारी संग्रहालयात गेलं आणि तिथून गहाळ झालं.

आता कायद्याकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट तिथे आहे. 1879 मध्ये टेनेसी राज्याने लहान पिस्तुलांची विक्री बंद केली, पण लष्करी धाटणीची मोठी पिस्तुलं विकायला मोकळीक ठेवली. 1881 मध्ये आर्कान्सानेही तेच केलं. कागदावर नियम सगळ्यांना सारखा. पण मोठं पिस्तूल महाग. ते ज्याला परवडतं तो सुरक्षित आणि नुकताच गुलामीतून सुटलेला काळा शेतमजूर रिकाम्या हाताने. हेतू हाच होता का यावर इतिहासकारांत वाद आहेत. परिणाम मात्र डोळ्यांसमोर आहे. त्याच टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये 1892 मध्ये आयडा बी. वेल्स या पत्रकार बाईंच्या तीन काळ्या मित्रांना जमावाने ठार केलं. त्यानंतर त्यांनी स्वतः पिस्तूल घेतलं आणि प्रत्येक काळ्या घरात रायफलीला मानाची जागा असावी असं लिहिलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर 1956 मध्ये बॉम्ब पडला तेव्हा त्यांनीही पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला. तो नाकारला गेला. पुढे त्यांनी घरातलं हत्यारही काढून टाकलं.

आपल्याकडे 1878 चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटन यांच्या काळात आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार नाही, युरोपियनांना सूट. म्हणजे गोऱ्या साहेबाने कोटात बुलडॉग ठेवला तर चालतं, त्याच्या शेजारच्या हिंदी वकिलाने ठेवला तर गुन्हा. या कायद्यात बदल करा, असा ठराव काँग्रेसच्या 1887 च्या मद्रास अधिवेशनात झाला. अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी. काँग्रेसचे ते पहिले मुस्लिम अध्यक्ष, एवढंच आपण मुलांना पाठ करायला लावतो. त्यांच्या अध्यक्षतेखाली हा ठरावही झाला, हे सांगत नाही. त्या ठरावात बंडाची भाषा नव्हती. आमच्यावर अविश्वास का, हा प्रश्न होता.

मला हा प्रश्न हत्यारापेक्षा मोठा वाटतो. खिशात पिस्तूल बाळगणारा माणूस सुरक्षित होतो, यावर माझा भरवसा नाही. बुलडॉग ज्यांनी स्वतःच्या बचावासाठी घेतला त्यांची नावं इतिहासाने ठेवली नाहीत, गिटोचं ठेवलं. शिवाय आपल्या गल्लीत बिनपरवाना गावठी कट्टा सापडला तर तो पोरगा आणि त्याचं घर वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतं. 'काहीतरी पाहिजे' म्हणणाऱ्या भाईजानना मी हे तोंडावर सांगतो. पण त्यांना जे हवंय ते लोखंड नाही. संकटात फोन केला तर पोलीस आपल्या बाजूने येतील, एवढी खात्री हवी आहे. ती मागण्यात चूक काही नाही.

1920 पासून नियमांमधला वंशभेद गेला. स्वतंत्र भारताने 1959 मध्ये नवा कायदा केला. त्यातही .380, .455 आणि 9 मिलिमीटर ही लष्करी काडतुसं चालवणारी हत्यारं सामान्य नागरिकाला बंदच राहिली. परवानाधारकाच्या वाट्याला येतं ते बहुतेक .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर. अलीकडे वेब्लीच्या नावाने तसं रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात बनू लागलं आहे. परवान्यासाठी अर्ज करायचा असेल तर त्यात कारण लिहावं लागतं, पोलिसांचा अहवाल लागतो आणि शेवटी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ठरवतात.