प्रोसेसरबदल आणि पंख्याची तक्रार : एका सूचनेचा इतिहास

संगणकातील जुना प्रोसेसर काढून नवा बसविला आणि यंत्र सुरू केले, की काही वेळा पडद्यावर पंख्यात दोष असल्याची सूचना उमटते व यंत्र तेथेच थांबते. पंखा मात्र डोळ्यांदेखत फिरत असतो. अशा प्रसंगी पंखा बदलणे किंवा ती सूचनाच बंद करून टाकणे, असे दोन उपाय सामान्यतः योजले जातात. पहिल्यात चांगली वस्तू टाकून दिली जाते. दुसऱ्यात खरा दोष झाकला जाण्याचा संभव असतो. दोहोंच्या मुळाशी समजूत एकच : यंत्राला आपला ताप कळतो व ते तो बोलून दाखविते. वस्तुतः ही सूचना तापाविषयी काहीच सांगत नाही. ती कशाविषयी सांगते, हे तिच्या पूर्वेतिहासावरूनच स्पष्ट होते.

कऱ्हाडलगतच्या मलकापूरचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. (बुलढाणा जिल्ह्यातील अथवा शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर येथे अभिप्रेत नाही.) चोवीस तास मीटरने पाणी देणारे गाव म्हणून हे मलकापूर ख्यातीस आले. नळाला पाणी असूनही मीटरचा काटा हलत नसेल, तर दोष मीटरचा असू शकतो, हे तेथील कोणाही गृहस्थास समजावून सांगावे लागत नाही. पंख्याच्या तक्रारीचे स्वरूप हेच आहे. पंखा निराळा, त्याचे मोजमाप निराळे.

मोजमापाची ही तऱ्हा फार जुनी नाही. कृष्णाकाठी विहिरींवर तेलाची इंजिने चालत तेव्हा त्यांच्या तापावर नजर मनुष्याचीच असे. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी हाताला किती कढत लागते, यावरून चालविणारा अंदाज बांधी. पहिल्या संगणकांची व्यवस्थाही तत्त्वतः याहून वेगळी नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक १९६० मध्ये रीतसर कार्यान्वित झाला. (कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच वर्षीचे.) त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. प्रत्येक नलिकेतील तंतू तापलेला ठेवल्यावाचून ती काम करीत नसे; म्हणजे उष्णता हा तेथे अपघात नसून कार्याचाच भाग होता. अशा यंत्राचा निभाव मोकळ्या दालनावर, हवेच्या प्रवाहावर आणि सतत जवळ असणाऱ्या तंत्रज्ञांवर अवलंबून असे. यंत्र स्वतः काही कळवीत नसे.

मेजावरचे संगणक आले तेव्हा प्रारंभी हा प्रश्न जणू नाहीसाच झाला. १९८१ मधील आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातील ८०८८ हा प्रोसेसर पंख्यावाचून चाले. पेटीतील एकमेव पंखा वीजपुरवठ्याच्या भागात असे. १९८९ मध्ये ४८६ आणि १९९३ मध्ये पेंटियम आला, तसा वेग वाढला व वेगाबरोबर ताप. प्रोसेसरच्या माथ्यावर धातूचे हीटसिंक आणि त्यावर लहानसा पंखा बसू लागला. हा पंखा बंद पेटीत असे. तो थांबला तरी बाहेरच्यास कळत नसे. म्हणून पंख्याच्या दोन तारांना तिसरी तार जोडण्यात आली. पंख्याच्या प्रत्येक फेऱ्याला तीवरून बहुधा दोन स्पंद जातात आणि मदरबोर्ड ते मोजतो. आजची तक्रार ही या तिसऱ्या तारेची संतती होय.

प्रोसेसरबदल आणि पंख्याची देखरेख यांचा संबंध प्रथम किती जवळचा होता, हे इंटेलच्या पेंटियम ओव्हरड्राइव्हवरून दिसते. जुना ४८६ संगणक मोडीत न काढता त्याचा वेग वाढावा, यासाठीच हा प्रोसेसर १९९५ मध्ये विक्रीस आला. त्याच्या दोन प्रती होत्या, एक ६३ व दुसरी ८३ मेगाहर्ट्झची. पंखा त्याच्यासोबतच येई, वीज प्रोसेसरच्या माथ्यावरूनच घेई, आणि एका स्वतंत्र स्पर्शबिंदूद्वारे त्याच्या गतीवर लक्ष राही. पंखा थांबल्याचे आढळताच प्रोसेसर आपला वेग मूळ बोर्डाच्या वेगाइतका, म्हणजे सुमारे अडीचपट कमी, करून घेई. तक्रार न करता उपाय करणारी ही योजना पुढील सूचनेपेक्षा अधिक शहाणी होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

२००४ च्या सुमारास चौथी तार आली. तीद्वारे बोर्ड पंख्याची गती कमीअधिक करू लागला. येथूनच गोंधळ वाढला. अनेक बोर्डांवर मिनिटाला ६०० फेऱ्यांची किमान मर्यादा ठरलेली असते, म्हणजे सेकंदाला २० स्पंद. नवा प्रोसेसर जुन्याहून कमी तापणारा असला, तर बोर्ड पंखा मंद करतो. फेरे मर्यादेखाली जातात, आणि तोच बोर्ड पंखा बिघडल्याची हाकाटी करतो. थंडपणाबद्दलच ही शिक्षा! शिवाय प्रोसेसर बदलल्यावर बायॉसमधील जुनी मांडणी पुसली जाऊन मूळची परत येण्याचा संभव असतो. मर्यादा पूर्वी कोणी खाली आणली असल्यास तीही जाते. मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्यांच्या वाट्याला हा जाच विशेष येतो.

म्हणून तपासणीचा क्रम तारेपासून सुरू व्हावा. पंख्याचा जोड प्रोसेसरच्या पंख्यासाठी राखलेल्या जागीच आहे काय, हे प्रथम पाहावे. घाईत तो शेजारच्या जागी बसतो व पंखा फिरूनही स्पंद भलतीकडेच जातात. नंतर बायॉसमध्ये फेऱ्यांचा आकडा पाहावा. आकडा शून्य असेल तर तार, जोड वा पंख्यातील संवेदक संशयास्पद. आकडा आहे पण अल्प, तर मर्यादा खाली आणावी किंवा पंख्याची किमान गती वाढवावी. नव्या प्रोसेसरची ओळख बायॉसला नसेल, तर बायॉसची पुढील आवृत्ती घ्यावी लागते. कार्यालयीन वापराच्या काही तयार संगणकांत जोडाची रचना उत्पादकाची स्वतःची असते. तेथे बाजारातील पंखा निर्दोष असूनही ओळखला जात नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आकडा बरोबर असणे हा शीतलतेचा पुरावा नव्हे. थर्मल पेस्ट लावायची राहिली, हीटसिंकची एक खुंटी अर्धवट बसली, किंवा त्याच्या तळाचे संरक्षक पापुद्रे काढले गेले नाहीत, तर पंखा जोमाने फिरतो, तक्रार कोणतीही येत नाही आणि प्रोसेसर मात्र तापतो. अलीकडचे प्रोसेसर स्वतःचा ताप मोजून वेग घटवितात व अखेरीस यंत्र बंद करतात. त्यामुळे ते सहसा जळत नाहीत. पण नव्या प्रोसेसरसाठी मोजलेले पैसे अशा रीतीने मुकाट्याने वाया जातात. तेव्हा फेऱ्यांबरोबर तापाचाही आकडा पाहणे अवश्य आहे.

पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्मसारख्या महासंगणकात आता द्रवाच्या साहाय्याने प्रोसेसर थंड ठेवले जातात. मेजावरच्या संगणकांतही द्रव खेळविणारे पंप आले आहेत. अशा पंपाची तार ठरल्या जागी जोडली नाही, तर माथ्यावर पंखा नसलेल्या प्रोसेसरबद्दलही पडद्यावर तक्रार पंख्याचीच येते.