१९४८ सालच्या दोन येळवशी

कोपीजवळ आलात की वहाणा काढा. बांधावरच काढल्यात तरी कुणी हसणार नाही. आज शेतच देऊळ आहे. तुम्ही उभे आहात बालाघाटाच्या पठारावर, अंबाजोगाई आणि परळीच्या मधल्या एका गावच्या शिवारात. तारीख ११ जानेवारी १९४८, रविवार, मार्गशीर्ष अमावस्या. सरकारी कागदावर मात्र फसली सन १३५७ चालू आहे, अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद आहे आणि तुमच्या खिशातल्या हाली नाण्यावर चारमिनार आहे. दिल्लीत तिरंगा चढून पाच महिने होत आले. इथं अजून निजामाचा अंमल आहे.

गाव सकाळीच ओस पडलंय. माळवदांवर कुत्रं नाही, चावडीत फक्त म्हातारा तराळ. बाकी सगळं गाव गाड्या जुंपून शेतात आलंय, कारण आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्या.

कोप बघा. कडब्याच्या पाच पेंढ्या टेकवून उभ्या केल्यात, वर घोंगडं. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडलेत, ते पांडव. शेजारी लक्ष्मी. यातला भीम कोणता, हे विचारू नका. कुणालाच माहीत नाही. पण एखादा दगड वाकडा बसला तर थोरली माय पुन्हा सगळी मांडणी करायला लावते. तिचा शब्द या खटल्यात शेवटचा. अठरा माणसांचं घर, एक चूल, पेवातल्या धान्याचा हिशेब तिच्या डोक्यात. जमिनीचे व्यवहार घरातले कर्ते, आबा, बघतात असं म्हणायची पद्धत आहे.

धाकट्या सुनेकडे जरा लक्ष द्या. ती दुसऱ्या कोंबड्याला उठून जात्यावर बसली, बाजरीचे उंडे वळले, ओला हरभरा, तुरीचे दाणे, पालेभाज्या घालून ताकाच्या बेसनात भज्जी शिजवली. डोक्यावर पाटी घेऊन तीच चालत आली आणि जेवायला बसेल सगळ्यांत शेवटी. नवऱ्याचं नाव तिने लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एकत्र कुटुंबाची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांनी तिच्या हाताचे घट्टे बघून मग बोलावं, असं माझं मत आहे. आबांची विधवा बहीण पूजेच्या वेळी कोपीमागे गेली. तिला कुणी ‘जा’ म्हटलं नाही. ती आपण होऊन जाते, इतकी वर्षं झालीत.

आता आबा उठले. डोक्यावरून घोंगडं घेतलेला एक पोरगा पुढे आंबिलाचं मडकं घेऊन निघाला, मागे ते. आंबील म्हणजे ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचं ताकातलं पेय. गवताच्या जुडीने ते पिकावर शिंपत दोघं शेताला वळसा घालतात आणि मोठ्याने आरोळी देतात. शाळू पोटरीतून निसवून दाण्यात दूध धरतोय. त्याला, काळ्या मातीला, बांधावरच्या म्हसोबाला, बिळातल्या नागाला आणि ज्या बापजाद्यांनी ही जमीन राखली त्यांना, सगळ्यांना आज जेवण आहे. घानातली अकान मंडळी अशीच पेयाची धार जमिनीवर सोडतात आणि मेलेल्या पूर्वजांना नावानिशी हाका मारतात. जमीन कुणाच्या एकट्याची नसते, मेलेल्यांची आणि जन्मायच्यांचीही असते.

“कामून उभे हाव? या की, बसा,” आबा तुम्हाला म्हणतात. येळवशीला वाटसरूला उपाशी जाऊ देत नाहीत.

पंगतीत दोन माणसं कमी आहेत. मधली सून पोरासकट सरहद्दीपलीकडे, सोलापूर जिल्ह्यात माहेरी गेलीय. कासिम रझवी लातूरचाच वकील. त्याच्या रझाकारांची, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांची, नावं इथं हळू आवाजात घेतली जातात. आबांचा धाकटा अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकला. तिथले जुने मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ आता हैदराबाद स्टेट काँग्रेसचे पुढारी आहेत. पोरगा त्यांचं नाव काढतो आणि आबा त्याच्याकडे डोळे वटारतात. शेजारच्या शेतातला मुलाणी दरवर्षी हाक मारायच्या आधी येतो, औंदा बांधावरच घुटमळला. आबा स्वतः गेले आणि हाताला धरून त्याला घेऊन आले. जेवताना दोघं फक्त बैलांबद्दल बोलले.

पण आणखी एक माणूस बांधावर आहे आणि त्याला धरून आणायला कुणी गेलेलं नाही. मांगवाड्यातला, या घराला कासरे आणि चऱ्हाटं वळून देणारा. त्याच्या बलुत्याची रास खळ्यावर ठरलेली आहे, त्याच्याशिवाय मोट चालत नाही. धाकटी सून वरून, हात न लागता, त्याच्या धडप्यात उंडे आणि भाकरी सोडते, गाडग्यात भज्जी ओतते. शेजारी त्याचा आठ-नऊ वर्षांचा पोरगा गाडगं धरून उभा आहे. पांडवांनाही कोपीत जागा मिळाली, ते बिचारे तर वनवासात फिरणारे. हा गावात राहून बांधाबाहेर.

सांज झाली की पेटत्या पेंढीचा हेंडगा पिकाभोवती फिरवून मंडळी लगबगीने गाड्या जुंपतात. औंदा अंधारात रस्त्यावर कुणी थांबत नाही.

तुम्ही मात्र थांबा, कारण १९४८ साली येळवस दोनदा आली. दुसरी ३० डिसेंबरला. मधल्या काळात, १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. तीच कोप, तेच पाच दगड, नवा चुना. मधली सून परत आलीय. धाकटा उघडपणे गांधीटोपी घालून फिरतो. हाली रुपया अजून चालतो. मुलाणी यंदा आलेला नाही; कुठं गेला, कसा गेला, हा विषय आबा काढू देत नाहीत. दोनदा त्यांनी त्याच्या शेताकडे बघितलं.

कासरे वळणारा आलाय, बांधावर, एकटाच. एका हातात धडपा, दुसऱ्यात गाडगं.

“पोराला कामून आणलं न्हाई रं?” आबा विचारतात.

“न्हाई येत म्हनला, मालक.”

“बरं न्हाई का त्याला?”

“बरा हाय की. न्हाई येत म्हनला.”