पंप-प्रोब मापन

धातू किंवा अर्धवाहकाच्या अतिशय पातळ पटलावर प्रकाश पडताच त्यात घडणाऱ्या वेगवान घडामोडी टिपण्याची पद्धत. यातल्या कित्येक घडामोडी फेम्टोसेकंदांत उरकतात. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग.

इतक्या चपळ घटनेचा माग काढणे इलेक्ट्रॉनिक उपकरणांना जमत नाही. म्हणून लेसरचा एक स्पंद दोन भागांत विभागतात. जोरकस ‘पंप’ स्पंद पटलाला उत्तेजित करतो; मागून येणारा क्षीण ‘प्रोब’ स्पंद त्याची त्या क्षणाची अवस्था वाचतो. दोघांमधला वेळ ठरवतो तो एक सरकता आरसा. तो 15 मायक्रोमीटर मागे घेतला, की प्रकाशाची जाण्यायेण्याची वाट 30 मायक्रोमीटरने वाढते आणि स्पंद 100 फेम्टोसेकंद उशिरा पोचतो. आरसा थोडाथोडा सरकवत मोजमाप पुन्हापुन्हा केले, की संपूर्ण घटनेचा आलेख हाती येतो.

1996 मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे एरिक बोरपेर, जाँ-ईव्ह बिगो आणि सहकाऱ्यांनी 22 नॅनोमीटर जाडीच्या निकेल पटलावर 60 फेम्टोसेकंदांचे स्पंद सोडले. प्रोबच्या प्रकाशाचे ध्रुवण किती वळते, यावरून चुंबकन कळते. ते पहिल्या पिकोसेकंदातच झपाट्याने घसरले! इलेक्ट्रॉन, त्यांचे स्पिन आणि स्फटिक-जालक यांची तापमाने वेगवेगळी मानून त्यांनी याचे स्पष्टीकरण दिले. अतिद्रुत चुंबकशास्त्राची पायाभरणी या प्रयोगाने केली.

याच तत्त्वावर पटलात ध्वनिस्पंद निर्माण करून त्याचा प्रतिध्वनी परतायला लागणारा वेळ मोजतात. चिप-उद्योगात धातूच्या थरांची जाडी अशी तपासली जाते.