शाकारणी : कोकणातील छपरे आणि ओल

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाटमाथ्यावरील आंबोलीसारख्या ठिकाणी हा आकडा सात हजारांच्या आसपास जातो. अशा प्रदेशात गळणार नाही असे छप्पर बांधण्याची महत्त्वाकांक्षा जुन्या गृहबांधणीने फारशी धरलेली दिसत नाही. छप्पर दरवर्षी गळणार हे धरूनच ते दरवर्षी उतरवण्याची, निवडण्याची आणि पुन्हा चढवण्याची सोय तिने केलेली होती. या वार्षिक कामाला शाकारणी म्हणतात. शाकारणे म्हणजे गवत, पाने किंवा कौले घालून छप्पर झाकणे, आणि त्यावरून पावसाळ्यापूर्वीची छपराची सालाबादची डागडुजी असाही शाकारणीचा अर्थ रूढ झाला. तिची वेळ पंचांगाने ठरलेली असे : मे महिन्याच्या पंचवीस तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की हात चालवायचा आणि जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागण्यापूर्वी शिडी उतरवायची.

राहत्या घराच्या शाकारणीचे वर्णन पुष्कळदा होते, परंतु या प्रथेचा खरा कस लागे तो मांगरात. मांगर म्हणजे सिंधुदुर्ग आणि गोवा या भागांत घराच्या मागे, परसात किंवा बागायतीच्या कडेला उभारलेली खोप, जिच्यात नांगर, जू, इरली, सुकी लाकडे, शेणी, पेंढा आणि सुके नारळ ठेवत, तर पुष्कळ ठिकाणी गुरेही त्याच छपराखाली बांधत. घराला जोते, म्हणजे जमिनीपासून उंच घेतलेला पाया असे. मांगराला तो नसे किंवा असला तर वीतभर असे, त्यामुळे ओल वरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी येई. वरच्या पाण्यावर गवताचा थर हा उपाय होता आणि खालच्या ओलीवर लाकडी माच, म्हणजे जमिनीपासून हातभर उंच केलेला ओंडक्यांचा किंवा बांबूंचा ओटा, हा उपाय होता. पाखे, म्हणजे छपराच्या दोन्ही उतरत्या बाजू, गवतासाठी मुद्दाम चढे ठेवत, कारण गवत पाणी अडवत नाही, ते फक्त एका काडीवरून दुसऱ्या काडीवर सरकवते, आणि उतार कमी पडला की तेच पाणी आत मुरते. घरातल्या गवताला चुलीचा धूर लागून ते कोरडे आणि बिनकिडीचे राहत असे. मांगरात चूल नसल्यामुळे तिथले गवत लवकर कुजे. गुरांच्या माश्या आणि डास हाकलण्यासाठी संध्याकाळी घातली जाणारी धुरी छपराच्याही कामी येत असणार, हे इथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कोकणातील पाऊस सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर तिरकस येणाऱ्या सरीला झड म्हणतात आणि पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या भिंतींना खरा त्रास तिचाच असतो. या भिंती कुडाच्या म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती-शेण लिंपलेल्या, निव्वळ मातीच्या किंवा जांभ्याच्या असत. जांभा हा लोहयुक्त, सच्छिद्र दगड खाणीत मऊ असतो, त्याचे चिरे कुऱ्हाडीसारख्या हत्याराने सहज निघतात आणि हवा लागल्यावर ते कठीण होतात. फ्रान्सिस बुकानन या प्रवासी वैद्याने १८०७ साली मलबारमधील या दगडाला विटेच्या लॅटिन नावावरून लॅटराइट हे नाव दिले. हा चिरा पाणी पितो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा लागतो किंवा झडीपासून आडोसा तरी लागतो. आडोशाचे काम माडाच्या झावळ्या करत : झावळी मधोमध चिरून, तिची पाती एकमेकींत विणून झाप तयार करत आणि असे झाप बांबूच्या चौकटीवर बांधून चार महिन्यांपुरते भिंतीला लावत. गिलाव्याचे महत्त्व किती, हे जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेवरून कळते. १५९४ ते १६०५ या काळात उभ्या राहिलेल्या या वास्तूचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात, चिरा उघडा बरा दिसतो अशा समजुतीने काढून टाकण्यात आला आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात तो चिरा झिजतो आहे. सौंदर्यदृष्टीने केलेली ही दुरुस्ती चुकीचीच होती, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

गवतानंतरची पायरी नळ्यांची. नळा म्हणजे अर्धगोल देशी कौल. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळते होत जाणारे मातीचे पोकळ नळकांडे काढतो, ओले असतानाच त्यावर समोरासमोर दोन उभ्या रेघा पाडतो आणि पुढे त्या रेघांवर ते दुभंगून दोन नळे मिळवतो. वाशांवर ठोकलेल्या रिपांवर नळ्यांची एक ओळ उताणी घालतात, तिच्यातून पाणी वाहते. दोन उताण्या ओळींमधली फट झाकायला तिसरी ओळ पालथी घालतात. नळे कशानेही जखडलेले नसत, ते केवळ आपल्या वजनाने बसत, आणि म्हणूनच वानरांच्या उड्यांनी, कावळ्यांच्या चोचींनी, मांजरांच्या धावपळीने आणि पडलेल्या फांद्यांनी ते वर्षभर सरकत राहत. शाकारणीत ते उतरवून, शेवाळ आणि पालापाचोळा झाडून, फुटके बाजूला काढून पुन्हा बसवत. भोक शोधण्याची रीत साधी होती. पाऊस पडण्याआधी एकजण मांगराच्या अंधारात उभा राहून वरून येणारे उजेडाचे कवडसे पाही, त्या जागी आतून काठीचे टोक लावी आणि वर चढलेला माणूस त्या टोकाच्या खुणेने नळा सारखा करी. पाऊस लागल्यानंतर हे काम अवघड होते, कारण वरून शिरलेले पाणी वाशाच्या पोटाखालून दोन-तीन हात वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी टपकते आणि ज्या जागी खाली भांडे ठेवले जाते तिच्या नेमके वर भोक क्वचितच असते. वाडीतली माणसे आळीपाळीने एकमेकांच्या छपरांवर चढत आणि ज्याचे छप्पर त्याच्याकडे त्या दिवशी जेवत.

ओल ही केवळ शेतकऱ्याची अडचण नव्हती, राज्यालाही तिची दखल घ्यावी लागे. इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचे, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखले जाणारे आज्ञापत्र दुर्गांच्या प्रकरणात दारूकोठाराविषयी जे सांगते ते आजच्या कोठारपालालाही लागू पडावे. दारू घराजवळ ठेवू नये, तिच्यासाठी तळघर करावे, तळघरात गच्च म्हणजे चुन्याची पक्की जमीन करावी, तिच्यावर माच घालून दारूची मडकी ठेवावीत, ती सर्द होऊ देऊ नयेत, आणि हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी सर्व जिन्नस बाहेर काढून ऊन देऊन पुन्हा मोहोरबंद करावेत, असा त्याचा आशय आहे. चुन्याची जमीन, माच आणि ऊन हे तीन उपाय म्हणजे मांगरात चालणाऱ्या रीतीचेच काटेकोर, सरकारी रूप होय. घाटावर, विशेषतः सोलापूर-मराठवाड्याकडे, कमी पावसामुळे प्रश्नच निराळा होता. तिथे माळवदावर, म्हणजे लाकडी तुळयांवरील सपाट मातीच्या छपरावर, पांढऱ्या मातीचा नवा थर पावसाळ्याआधी देत आणि ही माती ओली झाली की फुगून स्वतःच्या भेगा बुजवी.

कोकणातील हे वार्षिक चक्र मोडण्यास सुरुवात झाली ती मंगळूरमध्ये. स्वित्झर्लंडमधील बासेल मिशनने १८३४ साली तिथे काम सुरू केले होते आणि १८६५ साली गेओर्ग प्लेब्स्ट या मिशनऱ्याने जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. तिथे बनणारे चपटे, कडेला खाचा असलेले कौल फ्रान्समधील आल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये पेटंट घेतलेल्या घडणीच्या वंशातले होते. शेजारच्या कौलाच्या खाचेत अडकत असल्यामुळे ते नळ्यासारखे सरकत नाही, नळ्यांच्या दुहेरी थराचे ओझे वाचते आणि वासेही विरळ चालतात. गलबतांतून किनाऱ्याने वर आलेल्या या मंगलोरी कौलांनी आधी सधनांची घरे, मग शाळा आणि कचेऱ्या व्यापल्या. मांगरावर ती सर्वांत शेवटी पोचली आणि पुष्कळदा मोठ्या घरावरून उतरवलेली जुनी म्हणूनच पोचली. शाकारणी बंद पडली नाही, पण वरवरची झाली आणि नळे करणाऱ्या कुंभाराचा ठरलेला उन्हाळी धंदा मात्र बुडाला.

त्यानंतरच्या साहित्याने गळती थांबवली, ओल थांबवली नाही. पन्हाळी पत्रा, म्हणजे नागमोडी वळ्यांचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, एकदा ठोकला की वर्षानुवर्षे हात लावावा लागत नाही, परंतु रात्री तो बाहेरून गार होतो, आतली दमट हवा त्याच्या पोटाला लागून दव धरते आणि पहाटे ते दव थेंबाथेंबाने पेंढ्यावर पडते, ज्याला मालक भोक समजून डांबर फासत बसतो. नळ्यांच्या फटींतून हीच दमट हवा बाहेर जात असे. चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यावरही असाच अनुभव येतो : चुन्याचा गिलावा भिंतीत आलेले पाणी बाहेर सुकू देतो, सिमेंट ते आत कोंडते आणि काही वर्षांनी गिलावा पोपड्यांनी सुटतो. अलीकडे मे महिन्याच्या अखेरीस मांगराच्या छपरावर आणि पश्चिमेच्या भिंतीवर निळे प्लास्टिक चढवून, त्यावर दगड ठेवून शाकारणी उरकली जाते. इंग्रजीतील टारपॉलिन हा शब्द मराठीत येताना ताडाच्या पानाची आठवण घेऊन आला असावा, कारण त्या प्लास्टिकलाही कोकणात ताडपत्रीच म्हणतात.