मूठभर तंबाखूची मुभा

चंची, बटवा आणि तपकिरीची डबी ही आपल्या जुन्या घरांतली तंबाखूची तीन बिऱ्हाडे. दारी आलेल्यापुढे आधी पाण्याचा तांब्या यावा, पाठोपाठ चंची सरकावी, ही गावाकडची रीत. तेव्हा परमुलखातून परतणाऱ्याच्या सामानात आप्तेष्टांसाठी तंबाखूचा डबा निघाला तर त्यात नवल ते काय? नवल आहे ते त्या डब्याची दखल घेणाऱ्या सरकारांचे. किती तंबाखू 'घरचा' आणि किती 'व्यापाराचा', हा हिशेब जगातली राज्ये गेली चारशे वर्षे मांडीत आली आहेत.

या कथेचा एक प्रारंभ आपल्या दख्खनमध्येच होतो. 1604 च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. पोर्तुगीजांच्या मागोमाग तंबाखू तिथवर पोहोचला होता. उत्तरेत मात्र तो फारसा कुणी पाहिला नव्हता. असद बेगने भरपूर तंबाखू बरोबर घेतला, जडावाची एक सुरेख नळी करवून घेतली आणि आग्र्याला बादशहापुढे सारे तबकात मांडले. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. हकीम घाबरला, आणि भर दरबारात वाद रंगला. अकबराने पुढे ते व्यसन जवळ केले नाही. पण असद बेगने उरलेला तंबाखू सरदारांत वाटला, मागणी वाढली आणि व्यापारी तो विकू लागले. प्रवाशाने हौसेने आणलेली एक भेट बाजारपेठ कशी उभी करते, याचा एवढा स्वच्छ दाखला विरळाच.

नेमक्या त्याच 1604 साली लंडनमध्ये राजा पहिला जेम्स तंबाखूवर दात-ओठ खात होता. धूम्रपानाची निंदा करणारी पुस्तिका त्याने स्वतः लिहिली आणि लेखणीने भागेना म्हणून जकातीचा बडगा उचलला. पौंडाला 2 पेन्स असलेला कर एकदम 6 शिलिंग 10 पेन्सांवर गेला. त्या वेळी शिलिंगाचे 12 पेन्स, म्हणजे हे झाले 82 पेन्स, एक्केचाळीस पट! परंतु थोड्याच वर्षांत तो कर बराच खाली आणावा लागला. व्हर्जिनियाची वसाहत तंबाखूवर जगू लागली आणि राजाच्या खजिन्यालाही त्या धुराची गोडी लागली. 1619 मध्ये खुद्द इंग्लंडात तंबाखू पिकवण्यास बंदी झाली. कारण शेतातल्या पिकापेक्षा बंदरात उतरणाऱ्या मालावर कर वसूल करणे सोपे.

जिथे कर जबर तिथे चोरवाट तयार, हा नियमच आहे. आयरिश समुद्रातले मॅन बेट तर चोरट्या व्यापाराचे आगरच झाले होते. अखेर 1765 साली ब्रिटिश सरकारने 70,000 पौंड मोजून त्या बेटावरचे हक्कच विकत घेतले. चोरवाट बुजवायला राज्याने केवढी किंमत मोजली पाहा!

मग प्रामाणिक प्रवाशाचे काय करावे? प्रत्येक चिमटीवर कर आकारायचा तर वसुलीहून खर्च जास्त. मोकळे रान सोडावे तर प्रत्येक प्रवासी आडत्या होणार. यातूनच 'मुभे'चा जन्म झाला. आपल्या 1962 च्या सीमाशुल्क कायद्यातले 79 वे कलम या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. प्रवाशाच्या सामानातली वस्तू त्याच्या स्वतःच्या वा कुटुंबाच्या उपयोगासाठी असेल, किंवा खरोखरीची भेट असेल, तर ठरलेल्या मर्यादेत ती करमुक्त. कायद्याच्या कोरड्या भाषेत 'भेट' हा ओला शब्द आला आहे तो असा.

गोव्याच्या वाटेने गेलेल्या जुन्या मंडळींना हा मामला शिकवायला नको. लोंढ्याकडून येणारी गाडी आधी कॅसलरॉकला थांबे, तिथे भारताची तपासणी. घाट उतरून कुळें आले की पोर्तुगीजांची. माहेरवाशिणीचे गाठोडेही दोनदा सुटायचे. 1955 साली ती गाडीच बंद पडली आणि 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ती सरहद्दही पुसली गेली.

विमानांच्या काळात या मुभेला दुकानाचे रूप आले. 1947 साली आयर्लंडमधील शॅनन विमानतळावर पहिले करमुक्त दुकान निघाले. पुढे 200 सिगारेटी हा आकडा अनेक देशांत रूढ झाला. युरोपात 1993 पासून आपसांतल्या सीमा सैलावल्या, तेव्हा 800 सिगारेटींपर्यंतचा साठा स्वतःच्या वापराचा समजावा असा दंडक आला. ब्रिटनने तर 2002 मध्ये तो आकडा 3,200 पर्यंत नेला, 2011 मध्ये पुन्हा 800 वर आणला. आणि युरोपीय संघाचे नियम सुटताच, 2021 पासून, ग्रेट ब्रिटनमध्ये येणाऱ्यांसाठी पुन्हा तेच जुने 200!

याच सुमारास दुसरीकडे आकडे आक्रसत होते. सिंगापूरने ही सवलत मुळातच काढून घेतली. हाँगकाँगने 2010 मध्ये 19 सिगारेटींवर बोट ठेवले: वीसच्या पाकिटाला एक कमी, म्हणजे फोडलेले पाकीट तेवढे खिशात असू द्यावे! ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये 50 आणि 2017 मध्ये 25 केल्या. भारतानेही 2014 साली 200 च्या 100 केल्या. 2005 पासून अमलात आलेल्या तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक कराराने प्रवाशांच्या करमुक्त तंबाखूला आळा घालण्याचा मार्ग सुचवला होता, त्याचेच हे वळण.

जहांगिराने 1617 मध्ये धूम्रपानाला मनाई केली. इराणच्या शाह अब्बासनेही केली होती. पण जहांगिराचा वकील खानआलम इराणला गेला, तो तंबाखूवाचून घटकाभर राहू शकेना. शहाने पाहुण्याची अडचण जाणून काव्यातूनच त्याला परवानगी दिली. मुभेचा मूळ अर्थ इतकाच: माणसाच्या दुबळेपणाला दिलेली सवड. ती सवड म्हणजे आशीर्वाद नव्हे. जकातदार डबा सोडतो तो कर माफ करून; त्या डब्यातल्या पदार्थाने छातीकडून वसूल होणारा कर माफ करण्याचा अधिकार कुठल्याच राज्याला नाही. तेव्हा यंदा दूरदेशीहून कुणी घरी येणार असेल, तर पेटीतली ती जागा खाऊसाठी राखायला सांगावे. फराळाच्या ताटाशी त्याचेच अधिक जमते.