बेचाळीस रात्री आणि आमचा शनिवार

चांदीपजवळच्या एका शाळेत सहावी-सातवीच्या पोरांबरोबर आम्ही दर शनिवारी पुस्तक वाचतो. गोल बसायचं, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग गप्पा. परवा एक काका म्हणाले, "हे बुक क्लबचं शहरी खूळ इकडे कशाला?" तेव्हा घाईत होतो, म्हणून उत्तर इथे देतो.

काका, हे खूळ शहरीही नाही आणि नवंही नाही. साने गुरुजी 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे तिथलं छात्रालय त्यांच्याकडे आलं. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे, कपडे धुवायचे. स्वच्छतेवर भाषण नाही. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे, तेही हस्तलिखित. रोज, हाताने, मूठभर पोरांसाठी! आम्ही पत्रकार मंडळी आधी खप विचारतो.

1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, कैदी ऐकत आणि गुरुजी लिहून घेत. तीच 'गीता प्रवचने'. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग पाच दिवसांत लिहिला.

या पुस्तकाला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. छापील पुस्तकात 42. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एकेक आठवण सांगतो. गोविंदा, राम, भिका ऐकतात, मध्येच विचारतात. आईची आठवण सगळ्यांना राहते, ऐकणाऱ्या मित्रांची कुणाला राहत नाही. 1953 च्या अत्र्यांच्या चित्रपटानंतर तर आईच डोळ्यांपुढे येते. पण मित्र रोज येऊन बसले नसते, तर श्याम सांगणार कुणाला? आपण मात्र पोरांना धड्याखाली 'तात्पर्य लिहा' एवढंच दिलं.

आमच्या शनिवारची खरी परीक्षा दिवाळीनंतर झाली. दोन पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली. आपल्या पट्ट्याला हे नवीन नाही. अशाच मुलांसाठी नव्वदच्या दशकात विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या होत्या. आता शिक्षण हमी कार्ड मिळतं, त्यावर भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. दोस्त मात्र इथेच राहतात.

आम्ही तेव्हा अकराव्या रात्रीवर होतो. एक मुलगी म्हणाली, "सर, ते येईपर्यंत थांबू या." दुसरा म्हणाला, "पावसाळ्यापर्यंत? तोवर आपण विसरून जाऊ." बराच वेळ भांडण झालं. मी गप्प बसलो, खरं तर मलाही सुचत नव्हतं. शेवटी दोनशे पानी वही आली. शनिवारी काय वाचलं, कोण काय बोललं, कोण रडलं, सगळं आळीपाळीने लिहायचं. छात्रालय दैनिकाची गोष्ट मी त्यांना तोवर सांगितलीही नव्हती. एकाने अक्षर वाईट आलं म्हणून पहिलं पान तीनदा लिहिलं.

एका पोराचे वडील भट्टीकडे माल भरायला जातात, त्यांनी वही नेली. पंधरा दिवसांनी परत आणली. शेवटच्या पानावर विटेच्या मातीचं बोट उमटलेलं, आणि खाली पेन्सिलीने एकच ओळ होती: "गोविंदा मधेच काय बोलला ते लिहायचं राहिलंय."